वार्धक्याचा बाजार आणि विकरांची साक्ष

मनुष्यास जोवर मरणाचे भय आहे, तोवर तारुण्य विकणाऱ्याच्या दुकानी गिऱ्हाइकांची वानवा पडावयाची नाही, ही गोष्ट जुनीच आहे. नवी गोष्ट एवढीच की, पूर्वी हा विक्रेता जटा आणि भस्म धारण करून येत असे, आणि आता तो सूक्ष्मदर्शकाचे चित्र छापलेली बाटली घेऊन येतो. त्याच्या तोंडी मंत्राऐवजी 'जनुक', 'विकर', 'पेशींचे पुनर्यौवन' असे शब्द असतात. ज्या सुशिक्षित घरांत गंड्यादोऱ्यांस थारा मिळत नाही, त्याच घरांत रेस्व्हेराट्रॉल किंवा एनएमएन ह्या नावाच्या गोळ्या नित्यनेमाने घेतल्या जातात. त्यांवर महिन्याकाठी काही हजार रुपये खर्च होतात. आणि हा खर्च श्रद्धेपोटी नसून विज्ञानापोटी आहे, असे अभिमानाने सांगितले जाते. ह्या अभिमानाविषयीच आम्हास येथे चार शब्द लिहावयाचे आहेत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. ज्या विकरांच्या नावाने हा व्यापार चालला आहे ती विकरे खरी आहेत, त्यांचा शोध खरा आहे, आणि तो लावणारे संशोधक आदरास पात्र आहेत. परंतु माणसाच्या वार्धक्यावर औषध सापडले, अशी साक्ष त्या शोधाने कधीही दिलेली नाही. साक्षीदाराने न दिलेली साक्ष त्याच्या नावावर खपविणे ह्यास न्यायालयात जे नाव आहे, तेच बाजारातही असावयास पाहिजे.

प्रथम ही विकरे म्हणजे काय ते पाहू. आपल्या पेशीत आनुवंशिक द्रव्याचा जो धागा आहे तो उलगडून सरळ केला, तर सुमारे २ मीटर लांब भरेल. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळून पेशीच्या अतिसूक्ष्म केंद्रकात बसविलेला असतो. जेथे गुंडाळी सैल असेल तेथील जनुके वाचली जातात. जेथे घट्ट असेल तेथील जनुके मूक राहतात. डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत जनुके तीच. पण कोणी बोलावयाचे आणि कोणी गप्प बसावयाचे ह्याचा निर्बंध निरनिराळा, म्हणून एक पेशी पाहते आणि दुसरी पित्त तयार करते. हिस्टोनांवर असिटिल नावाचा लहानसा रासायनिक गट चिकटला म्हणजे गुंडाळी सैल होते. तो काढून टाकला म्हणजे ती पुन्हा आवळली जाते. हा गट काढणाऱ्या विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, एका कुळाचे नाव सर्टुइन असे आहे. सस्तन प्राण्यांत ह्या कुळातील ७ विकरे आहेत. जनुकांना मूक ठेवणे, तुटलेला धागा सांधण्यास साहाय्य करणे, अन्नाच्या ज्वलनावर नियंत्रण ठेवणे अशी नाना प्रकारची कामे ती करतात.

ह्या कुळाचा मूळपुरुष सापडला तो पाव फुगविणाऱ्या यीस्टमध्ये. पंजाबात जन्मलेले अमर क्लार ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९७९ साली यीस्टमधील काही जनुकांस मूक ठेवणारे एक जनुक वर्णिले. तेच पुढे 'सर-२' ह्या नावाने प्रसिद्ध झाले. त्या वेळी त्याचा वार्धक्याशी काही संबंध असेल असे कोणाच्या स्वप्नीही नव्हते. तो संबंध जोडला अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत लेनर्ड ग्वारेंटी ह्यांच्या प्रयोगशाळेने. मॅट केबरलाइन ह्या त्यांच्या शिष्याने इतरांसह १९९९ साली दाखविले की, यीस्टला सर-२ ची एक अधिक प्रत दिली असता त्याचे आयुष्य सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. २००० साली ह्याच प्रयोगशाळेतील शिन-इचिरो इमाई व त्यांचे सहकारी ह्यांनी दाखविले की, हे जनुक जे विकर तयार करते त्यास आपले काम करण्यासाठी एनएडी नावाचे द्रव्य लागते. आणि एनएडी तर अन्नाच्या ज्वलनात गुंतलेले द्रव्य. उंदरांना पोषक पण अल्प आहार दिला तर ते अधिक जगतात, हे १९३५ साली कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मकॅ ह्यांनी दाखविलेच होते. तेव्हा उपवास, एनएडी, सर्टुइन, जनुकांचे मौन आणि दीर्घायुष्य अशी एक साखळी जुळून आली. २००१ साली एका सूक्ष्म कृमीतही सर-२ सारखे जनुक वाढविल्याने आयुष्य ५० टक्क्यांपर्यंत वाढल्याचे प्रसिद्ध झाले. साखळी इतकी देखणी होती की, तिचे दुवे ओढून पाहण्याचे भान पुष्कळांस राहिले नाही.

येथेच एक गोष्ट ध्यानात घ्यावयास पाहिजे होती. यीस्टचे 'आयुष्य' म्हणजे काय? वरील प्रयोगांत ते वर्षांनी किंवा दिवसांनी मोजलेले नव्हते. एका मातृपेशीस किती अंकुर फुटले, ह्या संख्येने मोजलेले होते. साधारणपणे वीस-पंचवीस अंकुर दिले की ती पेशी थकते. तिच्या थकव्याचे एक कारण म्हणजे तिच्या आनुवंशिक द्रव्याचे काही तुकडे मोडून त्यांची वर्तुळे तिच्यात साठत जातात, आणि सर-२ ही मोडतोड रोखते. माणसाच्या वार्धक्याचे कारण ही वर्तुळे आहेत, असे कोणी सिद्ध केलेले नाही. म्हणजे यीस्टच्या बाबतीत 'वाढलेले आयुष्य' हे शब्द अगदी खरे आहेत; पण माणूस ते ऐकतो तेव्हा त्याच्या मनात जो अर्थ उमटतो, तो त्या शब्दांत मुळीच नसतो. शब्द एक, अर्थ दोन, आणि मधल्या फटीत दुकान. ह्या व्यापाराचे सारे रहस्य एवढेच आहे.

त्या दुकानाचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. २००३ साली द्राक्षाच्या सालीत व लाल द्राक्षमद्यात आढळणारे रेस्व्हेराट्रॉल हे द्रव्य सर्टुइनास उत्तेजित करते आणि यीस्टचे आयुष्य ७० टक्क्यांपर्यंत वाढविते, असे कॉनरॅड हाउइट्स, डेव्हिड सिंक्लेअर व त्यांचे सहकारी ह्यांनी प्रसिद्ध केले. लगेच २००४ साली सिंक्लेअर ह्यांच्या सहभागाने सर्ट्रिस ही कंपनी स्थापन झाली. २००६ साली स्निग्ध आहारावर लठ्ठ झालेल्या उंदरांस रेस्व्हेराट्रॉल दिले असता ते तशाच लठ्ठ, पण औषधाविना ठेवलेल्या उंदरांपेक्षा अधिक काळ जगले, असे निघाले. आणि २००८ साली ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीने ७२ कोटी डॉलर मोजून सर्ट्रिस विकत घेतली. वर्तमानपत्रांतून मद्याच्या पेल्यात अमृत सापडल्याची वार्ता पसरली. त्या उंदरांना दिलेले प्रमाण दररोज वजनाच्या किलोमागे २२ मिलिग्रॅमहून थोडे अधिक होते. सरळ त्रैराशिकाने ६० किलो वजनाच्या माणसास ते रोज १,३०० मिलिग्रॅमवर जाते. आणि लाल मद्याच्या एका लिटरात हे द्रव्य फार तर काही मिलिग्रॅम असते. अमृत मिळण्यापूर्वी पिणाऱ्याची काय गत होईल, हे वाचकांनीच ताडावे.

आता उलट बाजूची साक्ष ऐका. २००५ साली दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी दाखविले की, २००३ च्या प्रयोगात विकराचा वेग मोजण्यासाठी जो चमकणारा रंगद्रव्याचा कण जोडला होता, त्याच्यामुळेच रेस्व्हेराट्रॉलचा परिणाम दिसत होता. तो कण काढला की त्या कसोटीतला परिणामही जात असे. ह्यांपैकी एक निबंध लिहिणाऱ्यांत मॅट केबरलाइन आणि ग्वारेंटी ह्यांचे दुसरे शिष्य ब्रायन केनेडी हे होते. ज्या हातांनी १९९९ साली सर-२ चा महिमा प्रस्थापित केला, त्याच हातांनी त्या महिम्यावरील लेप खरवडून काढला! २०१० साली फायझर कंपनीतील संशोधकांनीही असेच निष्कर्ष काढले. २०११ साली लंडनमधील डेव्हिड जेम्स व त्यांचे सहकारी ह्यांनी दाखविले की, २००१ च्या कृमींचे आयुष्य वाढले होते ते त्यांच्यात नकळत शिरलेल्या दुसऱ्याच एका जनुकदोषामुळे. शुद्ध वंशात ती वाढ दिसेना. ग्वारेंटी ह्यांच्या प्रयोगशाळेनेही त्याच वेळी कबूल केले की, परिणाम उरतो, पण पूर्वी सांगितला होता त्याहून पुष्कळ कमी. २०१३ साली ग्लॅक्सोने सर्ट्रिसचे केंब्रिज येथील कार्यालय बंद केले. २०१४ साली इटलीतील किआंती ह्या मद्यप्रसिद्ध प्रदेशातील ७८३ वृद्धांच्या दीर्घकालीन पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ज्यांच्या लघवीत आहारातून आलेल्या रेस्व्हेराट्रॉलच्या खुणा अधिक होत्या, ते इतरांहून अधिक जगले नाहीत.

न्यायाने वागावयाचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१२ साली इस्राएलमधील हाईम कोहेन व त्यांचे सहकारी ह्यांनी सर्ट-६ हे विकर अधिक असलेले उंदीर निर्माण केले, आणि त्यांतील नर सुमारे १५ टक्के अधिक जगले. माद्यांत मात्र तसा परिणाम दिसला नाही. २०१३ साली सिंक्लेअर व त्यांचे सहकारी ह्यांनी असे दाखविले की, विशिष्ट रचनेच्या नैसर्गिक प्रथिनांवर रेस्व्हेराट्रॉल सर्ट-१ ला खरोखरच चालना देते. म्हणजे वाद संपलेला नाही, आणि ह्या विकरांचा वार्धक्याशी संबंध मुळीच नाही, असे म्हणण्याचा अधिकार आम्हासही नाही. परंतु वाद चालू असताना निकालाची प्रत विकणे ह्यास काय म्हणावे? जनुक बदलून जन्मास घातलेला उंदीर आणि दुकानातून बाटली आणणारा गृहस्थ ह्यांत जे अंतर आहे, ते तोडल्यावाचून निकाल लागत नाही.

ह्या अंतराचे माप घेण्याची सोय नाही असे नाही. अमेरिकन सरकारच्या वार्धक्यविषयक संस्थेने एक व्यवस्था केली आहे. तीत एकच द्रव्य तीन निरनिराळ्या ठिकाणी, मिश्र वंशाच्या उंदरांवर, एकाच पद्धतीने तपासले जाते, म्हणजे एका प्रयोगशाळेचा मोह दुसरीच्या आकड्यांत शिरत नाही. ह्या कसोटीवर रेस्व्हेराट्रॉलने आयुष्य वाढले नाही. एनएडी वाढविण्यासाठी विकल्या जाणाऱ्या निकोटिनामाइड रायबोसाइड ह्या द्रव्यानेही वाढले नाही. परीक्षक कठोर होते म्हणून सारेच नापास झाले म्हणावे, तर रॅपामायसिन हे औषध त्याच कसोटीवर २००९ साली उतरले. पण ते अवयव बदललेल्या रोग्यांस शरीराची प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी देतात, म्हणून धडधाकट माणसाने ते घ्यावे की नाही हा प्रश्न राहतोच. एनएमएनविषयी एवढे खरे की, त्याच्या सेवनाने माणसाच्या रक्तातील एनएडी वाढते; त्याने माणसाचे आयुष्य वाढते, असा पुरावा नाही. दिव्यात तेल अधिक घातले म्हणजे घर अधिक टिकते, असे अनुमान कोणी काढील काय?

आता पूर्वपक्षाकडे वळू. पहिला आक्षेप असा की, 'एवढे मोठे शास्त्रज्ञ स्वतः ही द्रव्ये घेतात. मग आम्ही घेतली तर काय बिघडले?' सिंक्लेअर आपण रेस्व्हेराट्रॉल व एनएमएन घेतो असे स्वतः सांगतात, हे खरे आहे. पण स्वतःवर केलेला प्रयोग ही साक्ष आहे की केवळ धैर्य आहे, ह्याचा निर्णय इतिहासाने पूर्वीच दिलेला आहे. १८८९ साली पॅरिस येथे ब्राऊन-सेकार ह्या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने, वयाच्या ७२ व्या वर्षी, कुत्र्याच्या व गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेतला आणि आपणास तारुण्याचा जोम परत आल्याचे विद्वत्सभेत जाहीर केले. अर्काचा व्यापार देशोदेशी पसरला. ब्राऊन-सेकार १८९४ साली वारले. आणि पाण्यात काढलेल्या त्या अर्कात परिणाम व्हावा इतके द्रव्य उतरतच नाही, असे पुढे दिसून आले. जोम आला होता तो अर्कातून नव्हे, आशेतून.

ह्याच्या शेजारी आपल्या मुंबईतील उदाहरण ठेवून पाहा. १८९७ च्या जानेवारीत, प्लेगने शहर ओस पडत असताना, हाफकिन ह्यांनी आपण तयार केलेली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. येथवर दोघेही सारखेच. पण हाफकिन तेथे थांबले नाहीत. भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा खुषीने पुढे आलेल्या कैद्यांपैकी काहींस त्यांनी लस दिली, काहींस दिली नाही, आणि दोन्ही बाजूंच्या रोग्यांची व मृतांची मोजदाद ठेवली. एकाने स्वतःला विचारले, 'मला कसे वाटते?' दुसऱ्याने आकड्यांना विचारले, 'किती वाचले?' विज्ञान आणि विज्ञानाचे सोंग ह्यांत ह्याहून स्पष्ट सीमारेषा आम्हास दाखविता यावयाची नाही.

दुसरा आक्षेप आमच्याच घरचा. 'पाश्चात्त्यांनी आज जे शोधले ते आमच्या रसायनतंत्रात पूर्वीच होते,' असे म्हणून काही मंडळी ह्या बाटलीवरच पुराणाचे वेष्टन चढवितात. च्यवन ऋषींचे नाव तर वेष्टनावर आधीच तयार आहे. त्यांस आम्ही १९३८ सालची आठवण देतो. वयाची पंचाहत्तरी उलटलेले पंडित मदनमोहन मालवीय ह्यांनी त्या साली एका तपस्व्याच्या देखरेखीखाली अंधाऱ्या कुटीत राहून कायाकल्प केला. सारा देश वर्तमानपत्रांकडे डोळे लावून बसला होता. मालवीयजींच्या थोरवीविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण वार्धक्य परतले नाही असे कोणी म्हणणार नाही, आणि १९४६ साली ते निवर्तले. ह्यात त्यांचा कमीपणा नाही, देहाचा स्वभाव आहे. शिवाय चरकसंहितेचा आधार घेणाऱ्यांनी ती पूर्ण वाचावी. तीत औषधी रसायनांबरोबर 'आचाररसायन'ही सांगितले आहे: सत्य बोलावे, रागावू नये, झोप व जागरण यांत प्रमाण राखावे. हे रसायन बाटलीत भरता येत नाही, म्हणूनच त्याची जाहिरात कोणी करीत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत मवाळ, आणि म्हणूनच सर्वांत घातक: 'गुण नाही आला तरी अपाय तर नाही ना?' हेही कोणी सिद्ध केलेले नाही. सर्टुइनांचा कर्करोगाशी संबंध दुहेरी आहे: काही परिस्थितीत ती गाठीस आवर घालतात, काहींत तिच्या पेशींस तगून राहण्यास मदत करतात. रेस्व्हेराट्रॉलच्याच एका औषधी रूपाची रक्तपेशींच्या कर्करोगावरील चाचणी, काही रोग्यांच्या मूत्रपिंडास विकार झाल्यामुळे, ग्लॅक्सोस २०१० साली थांबवावी लागली. पण देहाचा अपाय बाजूस ठेवला तरी दुसरा अपाय उरतोच. ययातीस तारुण्य मिळाले ते फुकट नव्हे, पुरूच्या तारुण्याच्या मोलाने मिळाले. मध्यम स्थितीच्या घरात महिन्याचा पैसा मोजका असतो. तो ह्या बाटलीत गेला म्हणजे कोठून तरी वजा होतोच: कोणाच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबते, कोणाचे रक्तदाबाचे औषध अर्ध्यावर सुटते, कोणाचे दात बसवावयाचे राहतात. ज्या औषधांचा गुण निर्विवाद आहे ती स्वस्त असल्यामुळे दुर्लक्षिली जावीत, आणि ज्याचा गुण अनिश्चित ते महाग असल्यामुळेच विश्वासार्ह वाटावे, हा बुद्धिभ्रंश सुशिक्षितांस शोभत नाही.

राहता राहिला सर्वांत भारदस्त युक्तिवाद. 'वार्धक्य हाच एक रोग आहे. तो बरा करता येईल,' असे सिंक्लेअर ह्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात आग्रहाने मांडले आहे. संशोधनास स्फूर्ती देणारी कल्पना म्हणून ती कोणी खुशाल बाळगावी. पण समाजात ती उतरते तेव्हा तिचे फळ काय? सत्तर वर्षांचा प्रत्येक माणूस, प्रकृती ठणठणीत असताही, रोगी ठरतो. आणि रोगी ठरलेला माणूस गिऱ्हाईक व्हावयास विलंब लागत नाही. ज्याला सुरकुत्या पडल्या तो हयगयीचा अपराधी, असा भाव घरात शिरू लागतो. वडीलधाऱ्यांस मान देण्याची आपली रीत सर्वांशी निर्दोष होती असे नव्हे. परंतु म्हातारपण हे लपविण्याजोगे लांछन आहे, असे तिने कधी शिकविले नव्हते.

आयुष्य खरोखर वाढविले कोणी, हेही एकदा मोजून पाहावे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात जन्मलेल्या बालकाची आयुर्मर्यादा सरासरी सुमारे ३२ वर्षे होती. आज ती ७० च्या घरात आहे. ही वाढ कोणत्याही विकरास चेतवून झालेली नाही. देवीची लस, शुद्ध पाणी, बाळंतपणाची सोय, क्षयावरची औषधे, पोटभर अन्न आणि आईचे शिक्षण ह्यांनी ती केली. त्यांतील बहुतेकांवर कोणाचे नाव छापलेले नाही, आणि त्यांतून कोणी कोट्यधीश झाल्याचे आम्ही ऐकले नाही. अजूनही खेड्यापाड्यांतून ह्याच गोष्टी अपुऱ्या आहेत. दीर्घायुष्याविषयी ज्यांस खरा कळवळा असेल, त्यांनी आपला आग्रह तेथे खर्ची घालावा.

विज्ञानावर विश्वास ठेवू नका, असे आम्ही सांगत नाही. उलट तो पुरता ठेवा, असे आमचे सांगणे आहे. ज्यास अर्धा विश्वास आहे तो पहिल्या वार्तेवर थांबतो. ज्यास पुरता आहे तो दुसऱ्या प्रयोगशाळेच्या उत्तराची वाट पाहतो. सर-२ ची कथा आमच्या मते विज्ञानाच्या पराभवाची नसून त्याच्या प्रामाणिकपणाची आहे. शिष्याने गुरूचा निष्कर्ष तपासला, गुरूने आपला आकडा उतरविला, कंपन्यांच्या कोट्यवधींची भीड कोणी धरली नाही. पेशीतील जनुके कोण मूक ठेवतो आणि कोण बोलकी करतो, हे यीस्टपासून माणसापर्यंत उलगडत जाणे हीच केवढी मोठी प्राप्ती आहे! तिच्यापुढे वर मागत उभे राहणे म्हणजे ज्ञानाच्या दारी येऊन भिक्षेची झोळी पसरणे होय.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी ही बाटली पुढे करील, तर त्यास तीनच प्रश्न विचारावेत. हा प्रयोग कोणावर झाला: यीस्टवर, कृमीवर, उंदरावर की माणसावर? ज्यास पैसा मिळावयाचा नाही अशा दुसऱ्या कोणी तो पुन्हा करून पाहिला काय? आणि मोजले ते काय: रक्तातले एक द्रव्य, की माणसाचे जगणे? तिन्हींची सरळ उत्तरे मिळाली तर आमचा विरोध आम्ही आनंदाने मागे घेऊ. तोवर घरातील वृद्धांस बाटलीपेक्षा वेळच्या वेळी वैद्याची भेट, संध्याकाळी फिरावयास सोबत आणि बोलावयास माणूस मिळेल, इतके पाहिले तरी पुष्कळ झाले.